गोबरगॅसचं विरजण

माय, शहाद्याहून आणलेला फिनाइलचा पाच लिटरचा कॅन मी आपल्या गोबरगॅसच्या कुंडीत उपडा केला, त्या सकाळी माझं सगळं फिरलं. तुला जाऊन आठ वर्षं झाली. तू असतीस तर शेणानं भरलेल्या हातानंच एक ठेवून दिली असतीस आणि गोष्ट तिथंच संपली असती. तू नाहीस, म्हणून ती दोन महिने चालली आहे आणि बोलणी दुसरंच कुणी खातंय.

गल्लीत पहिला गोबरगॅस आपला. मी पहिलीत असेन. टाकीवरचा लोखंडी डबा गॅसनं वर चढला की तू हातातलं काम टाकून बघत राहायचीस. मग एकेका घराला नाद लागला. नवी टाकी बांधली की तिच्यात आपल्या टाकीतली आंबलेल्या शेणाची दोन बादल्या मळी ओतायची, म्हणजे ती लवकर धरते, गॅस देते. तू तिला विरजणच म्हणायचीस. बादलीला हळदकुंकू लावायचीस, आणि दिवे लागल्यावर कुणी मागायला आलं तर दह्याच्या विरजणासारखंच, "आते नही, सकाये ये," म्हणून परत पाठवायचीस. एकदा ती बादली समोरच्या काकूंकडे पोचवायला मला सांगितलीस. ओट्यावर माझे मित्र बसलेले. मी नाक मुरडलं. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "लाज वाटस का तुले? मंग भाकर बी नको खाऊ. ती बी यानावरच भाजेल शे." मी रडत रडत बादली नेली, निम्मी पायावर सांडली. काकू हसून म्हणाल्या, "भाऊ, टाकी तठे शे, तुन्हा बूटमा नही."

यंदा कॉलेजात पर्यावरणाच्या तासाला प्रत्येकानं आपल्या गावावर बोलायचं होतं. कार्बन फूटप्रिंट हा शब्द तू कधी ऐकला नसशील. आपल्या रोजच्या जगण्यातून हवेत किती कार्बन जातो, त्याचा तो हिशेब. तू नुसतं "धूर कमी, लाकूड कमी" म्हणायचीस. मी उभा राहिलो आणि तुझी सगळी गोष्ट सांगितली. अकरा घरांनी सरपण तोडणं कसं थांबवलं, कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर न जाळता कुट्टी करून मळीबरोबर शेतात कशा जिरवल्या, युरिया कसा कमी लागायला लागला. टाळ्या पडल्या. एवढंच सांगितलं नाही, की तू गेल्यापासून मी त्या कुंडीत हात घातलेला नाही. आधी आबा कालवायचे, गेल्या वर्षी दादाचं लग्न झालं तेव्हापासून वहिनी. दादा सुरतेला कामाला, तिला तेवढाही आधार नाही. मी मात्र छाती फुगवून म्हणालो, रोज सकाळी मीच शेण कालवतो.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं तास संपल्यावर विचारलं, "मला दाखवशील?" माय, त्या मुलीसाठी मी कितीतरी दिवस आपली गाडी सोडून तिची गाडी लागेपर्यंत स्टँडवर उभा राहत होतो. रविवारी ती मैत्रिणीला घेऊन येणार ठरलं, आणि त्या दिवसापासून मला आपल्या घरात फक्त शेण, माशा आणि वास दिसायला लागला. रविवारी सकाळी आबा आणि वहिनी केळीच्या शेतात गेले. मी शेण कालवायच्या कुंडीत कॅन ओतला, तळाचा बोळा काढला आणि सगळं टाकीत सोडून दिलं.

ती आली. ओढणी कमरेला खोचून म्हणते, "चल, कसं कालवतोस दाखव." मी पाटी घेऊन नुसता उभा. शेणाला पाणी किती, हेच आठवेना. शेवटी तिनंच हात घातला, कोपरापर्यंत. मग थांबली. "हा वास कसला? स्टँडच्या मुतारीसारखा?" कॅन भिंतीमागे पडला होता. तिनं तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "यानं आतले जंतू मरतात ना रे? जंतू मेले की गॅस गेला, हे तूच वर्गात सांगत होतास." मी चुकलो म्हणायला हवं होतं. मी ओरडलो. "तुमना घर सिलेंडर शे, तुले काय करनं शे?" मैत्रिणीसमोर, गल्लीसमोर. तिनं हौदावर हात धुतले. "घरी लवकर सांग, वाचली तर वाचेल," एवढं बोलली आणि शहाद्याच्या काळीपिवळीत जाऊन बसली. सोमवारपासून मी कॉलेज सोडलं. घरी म्हणालो, सरांशी भांडण झालं. माझं डोकं किती गरम ते सगळ्यांना ठाऊक, लगेच पटलं.

आठवड्याभरात डबा खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही. वहिनी कुंडीजवळच्या दगडावर कपडे धुते. काकू म्हणाल्या, "साबणनं पानी गयं व्हई." आबांना तेवढं पुरलं. "तिनी इतला वरीस जपी, इनी एक वरीसमा मारी टाकी!" वहिनी एकदाच म्हणाली, "मी नही टाकं, आबा." मी तिथंच ताटावर बसलेलो. मी भाकर मोडली आणि खाल्ली. घरात अडीअडचणीला ठेवलेलं एक सिलेंडर आहे, तरी आबांचा हुकूम, जिनं टाकी बंद पाडली तिनं चुलीवरच करावं. ती काकूंकडे विरजण मागायला गेली, तर काकूंनी, तुझ्याच शिकवणीतल्या काकूंनी, "तुन्हा हातले नको वो बाई," म्हणून दारातून फिरवली. आणि ज्या टाकीचं विरजण नेलं तीच मेली, आता आपलीही मरणार म्हणून तीन घरांनी आपापल्या टाक्यांत शेण टाकणं बंद केलं. संध्याकाळी गल्लीत पुन्हा धूर असतो. वहिनी खोकत खोकत पहिली भाकर मलाच वाढते. "भाऊ, गरम शे तवय खाई ल्या."

आज आबांनी गवंडी बोलावलाय. मुरूम टाकून टाकी बुजवायची म्हणतात. उपसून, धुऊन, नव्यानं भरली तर ती धरेल. उपसायला मी एकटा उतरेन. पण आधी आबांसमोर, काकूंसमोर, वहिनीला ऐकू जाईल असं बोलावं लागेल. टाकी बुजली की बोलायचं कारणच उरणार नाही. सकाळी हे ध्यानात आलं आणि मला क्षणभर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची जेवढी लाज वाटते, तेवढी फिनाइलचीही वाटत नाही.

अंगणात मुरमाचा ट्रॅक्टर लागलाय. हा कागद कुठं धाडायचा नाहीच, वहीतच राहील. आणि एक कबूल करतो माय. तुला सांगायचं म्हणून मी लिहायला बसलोच नव्हतो, बाहेर जायला उशीर व्हावा म्हणून बसलो होतो. आबा गवंड्याला फावडं दाखवतायत. उठतो. दार ओढून बाहेरून कडी घालतो, नाहीतर पुन्हा आत येऊन बसेन.