आठची सुई

५ सप्टेंबर १९९५, निशातगंज, लखनौ
पोहोचलो एकदाचे! श्रीरंगची बँकेतली बदली ऐकून मी रडले होते, पण घर झक्क आहे. खाली सब्जीवाला, समोर मिठाईवाला, वर गच्ची. मला चौथा महिना लागलाय. सोलापुरात दोन पोटातच गेली, का गेली ते कुणालाच कळलं नाही. हे टिकणार, असं मनापासून वाटतंय.

१८ सप्टेंबर
डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. माझं रक्त नको तिथे गोठतं. वारेत गुठळ्या होतात आणि बाळाची उपासमार होते. म्हणून पोटात सुई, सकाळी आठ, रात्री आठ. शेजारच्या सिस्टर कल्पना येऊन टोचतात. पोट वांग्यासारखं जांभळं झालंय. त्या रोज बजावतात, भाभी, एक भी नागा नहीं, एकही खाडा नको.

१२ ऑक्टोबर
सुई टोचली की बाळ लाथ मारतं. ठोक्याला आठ! सिस्टर म्हणाल्या, बदमाश घड़ी देखकर बैठा है.

२३ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
सासूबाई दिवाळीला आल्यात. उद्या सकाळी सूर्यग्रहण. संध्याकाळी वेध लागल्यापासून गर्भारशीने सुई-कात्री टाळायची, पाणी प्यायचं नाही. रात्री त्यांनी सिस्टरना दारातूनच परत पाठवलं. श्रीरंग म्हणाला, आईचं मन राखू, एका दिवसाने काय होतंय. खरं सांगायचं तर, टोचणी चुकली म्हणून मला बरंच वाटलं.

२४ ऑक्टोबर
अंधाऱ्या खोलीत पाटावर बसवलं, हलायचं नाही म्हणून. आठला लाथ आली. मग अंधारलं, चिमण्या गप्प झाल्या. ग्रहण सुटल्यावर सासूबाईंनी दृष्ट काढली. रात्री सुई घेतली.
लाथ आली नाही.

२६ ऑक्टोबर
सोनोग्राफी. ठोके नाहीत. दोन सुया चुकल्या म्हणूनच का, ते सांगता येत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
रडू येत नाही. काहीच येत नाही.

२७ ऑक्टोबर
झालं. मुलगी होती.

२९ ऑक्टोबर
घरी. पोट रिकामं. सकाळी आठ वाजले आणि आतून —
भास असेल.

३० ऑक्टोबर
पुन्हा. आठलाच. सासूबाईंना म्हटलं, हात ठेवून बघा. त्यांनी ठेवला, आणि झटकन काढला. तेव्हापासून देवघरात आहेत.

३१ ऑक्टोबर
उरलेल्या औषधातून सुई मीच भरली. उपाशी आहे पोर. या वेळी नागा नाही. एकही ना—
आठ वाज