तेवढा आवाज नको

४ फेब्रुवारी, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. थोडक्यात लिहायचं. सोळा वर्षं मालिकांचे संवाद लिहून डोकं शिणलंय, तेव्हा इथे संवाद नकोत.
संकल्प तीन. रोज चालायला जाणं. चहात साखर बंद. दर रविवारी धाकटीला फोन.
मोठी बातमी : माझ्या मालिकेत ट्रान्स बाईचं पात्र येणार. कल्पना माझी. चॅनेलला 'काहीतरी ताजं' हवं होतं, निर्मात्या मॅडम म्हणाल्या, लिही. टीव्हीवर आजवर ही माणसं आली ती एकतर हसवायला, नाहीतर घाबरवायला. हे मी बदलणार. कुणीतरी करायलाच हवं होतं.

४ फेब्रुवारी, दुपारी ३
धाकटीबद्दल लिहायचं राहिलं. चोवीस वर्षं ती माझा धाकटा भाऊ होती. आता सहा वर्षं बहीण आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तिने घरात सांगितलं त्या दिवशी आई म्हणाली, पुन्हा या दारात येऊ नकोस. मी तेव्हा तटस्थ राहिलो. घरात एकाने तरी शांत राहायला हवं होतं.
तर प्लॅन असा. आई माझी मालिका रोज साडेसातला न चुकता बघते. नवं पात्र येईल त्या दिवशी धाकटीला आईकडे घेऊन जायचं. आई पडद्यावर बघणार, तिचे डोळे भरून येणार, शेजारी बघणार तर स्वतःचंच लेकरू. सहा वर्षांचा अबोला तेवीस मिनिटांत संपणार, जाहिराती धरून तीस.
चहात साखर घेतली. एवढा विचार केल्यावर लागते.

८ फेब्रुवारी, रविवार
फोन केला नाही. असल्या गोष्टी समोरासमोर बोललेल्या बऱ्या.

११ फेब्रुवारी, दुपारी १
दुकानात गेलो. पांढरा कोट घालून चाकावर काचेची कड घासत होती. मी उभ्याउभ्या सगळी गोष्ट सांगितली : चष्म्याच्या दुकानात काम करणारी बाई, सहा वर्षांनी आईला भेटते. तिने दुसरी काचही घासायला घेतली. थोड्या वेळाने म्हणाली, माझंच लिहितोयस तर लिही, थांबणार थोडाच आहेस. मग चाक बंद केलं.
"पण दादा, ती आत आली की तो आवाज नको. तेवढा आवाज नको."
कुठला आवाज ते मला कळेना. तिने सांगितलं. आम्ही लहान असताना टीव्हीवर बाईच्या कपड्यातला पुरुष दिसला की स्प्रिंग ताणून सोडल्यासारखा आवाज यायचा. ट्वाँऽऽग. आणि ती खोलीत आली की मी तोंडाने तसाच आवाज काढायचो म्हणे. दारात, जेवताना, पाहुण्यांसमोर. चार वर्षं.
मला आठवत नाही. लहान मुलं काय वाट्टेल ते करतात. तरी शब्द दिला. आईकडे येशील का विचारलं, तर जरा थांबून 'येईन' म्हणाली. लगेच तयार झाली. माझ्या बोलण्यात वजन आहे.

१४ फेब्रुवारी
आईकडे गेलो. आईने नवा चष्मा केलाय. जुना सारखा नाकावरून घसरायचा, हा मस्त बसलाय. कुठे केला विचारलं, तर म्हणाली, झाला कुठेतरी.
सांगितलं, नवं पात्र येईल त्या संध्याकाळी एक पाहुणी आणतोय. आई फक्त म्हणाली, किती वाजता. कोण ते विचारलंच नाही! आईचं हे असंच. मागे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी मालिकेत सलग नऊ भाग चालवलं तेव्हा महिनाभर माझ्याशी धड बोलली नव्हती. लेखकाच्या घरच्यांना जरा सोसावंच लागतं.

१९ फेब्रुवारी
चॅनेलची मीटिंग. त्यांचं म्हणणं, चष्म्याचं दुकान दिसायला कोरडं. ब्युटी पार्लर करा. केलं. आरसे तिथेही असतात. गाभा तोच.

२५ फेब्रुवारी
ऑडिशन. खरी ट्रान्स नटी आली होती. साधा ड्रेस, केस मागे बांधलेले. आईच्या भेटीचा सीन वाचला तेव्हा मेकअपवाल्या बाई काम सोडून ऐकत राहिल्या. पहिली टाळी मी वाजवली. (माझं लिखाण.)
चॅनेलवाल्याने नाही म्हटलं. म्हणे, काम उत्तम आहे, पण ही फारच साधी दिसते हो, नेहमीच्या बाईसारखी. प्रेक्षकांना कळणार कसं?
मी विरोध करणार होतो. तेवढ्यात चहा आला.

२ मार्च
भूमिका विनोदी नटाला दिली. वीस वर्षं विग लावून बायका करतोय. माणूस सोन्यासारखा. आमच्यासाठी मिशी काढली, तिच्यावर त्याचा फार जीव होता. त्याने मला विचारलं, ही चालते कशी. मी म्हटलं, तुम्ही-आम्ही चालतो तशी. बिचारा हिरमुसला. मग दिग्दर्शकाने त्याला चालून दाखवलं. मग दोघेही खूश.
उंच टाचांच्या चपला आल्या आहेत. विग लाल आहे. बारकावे आहेत हे, आत्मा संवादात असतो.
चालणं राहिलं. टाच दुखते आहे. माझी.

८ मार्च, रविवार
धाकटीला फोन करणार होतो. पण सगळं पक्कं झाल्यावर एकदमच सांगावं. अर्धवट बातमीने माणूस उगाच काळजी करतं.

१२ मार्च
नव्या पात्राच्या ट्रॅकचा शेवट बदलला. ती खरी ट्रान्स बाई नसणार. घराचे कागद पळवायला वेश बदलून आलेला चोर असणार. पंधराव्या भागात विग ओढला जाणार.
मी कडाडून विरोध केला. मनात. तोंडाने 'इंटरेस्टिंग' असं निघून गेलं. पण नीट बघितलं तर आपलं काही बिघडत नाही. आईचं मन पहिल्याच भागात वितळणार, पंधराव्याशी तिचा संबंध काय?
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तू मीटिंगला नक्की जातोस तरी कशाला. मग पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

१७ मार्च, दुपारी ४
आजचा दिवस माझा! साउंड स्टुडिओत स्वतः गेलो. मॅडमसमोर ठणकावून सांगितलं, बाकी सगळं सोसलं, पण ती आत येताना स्प्रिंगचा आवाज चालणार नाही. कोणी वाद घातला नाही. साउंडवाल्याने विचारलं, नक्की कुठला हो, माझ्याकडे चाळीस स्प्रिंगा आहेत. आता शब्दात कसं सांगणार? तोंडाने काढून दाखवला.
मॅडम खुर्चीत मागे रेलून हसल्या. साउंडवाला काचेपलीकडून हात करून म्हणाला, परत एकदा, जरा लांबवून. चार वेळा काढला. म्हणे नुसता रेफरन्स म्हणून रेकॉर्ड करून ठेवतो. मग त्याने माझ्यादेखत मूळची फाईल, नंबर सतरा, डिलीट केली.
धाकटीला दिलेला शब्द पाळला. तिला मेसेज केला : आवाज काढून टाकला. तिने अंगठा पाठवला.

२३ मार्च, सकाळी १०
आज. इस्त्रीचा शर्ट. आई रडली तर द्यायला दोन रुमाल घेतलेत.

२३ मार्च, संध्याकाळी ७.२०
आईच्या घरातून लिहितोय, बाल्कनीत उभा राहून. भेट शांतपणे पार पडली. आई म्हणाली, आलीस? ती म्हणाली, हो. बस्स. सहा वर्षांनी माणसांना शब्द सुचत नाहीत. मी दोघींची ओळख करून देणार होतो, ते राहिलं.
एक गोष्ट बघून भरून आलं. आईचा चहाचा डबा मागच्या वर्षी वरच्या फळीवर गेला, मला अजून सापडत नाही. धाकटीने आत जाऊन पहिल्याच झटक्यात काढला. रक्ताचं नातं.
सुरू होतंय.

२३ मार्च, संध्याकाळी ८.४०
घरी आलो. चालत. पहिला संकल्प झाला.
जे झालं ते असं. पडद्यावर दार उघडलं. टाच दिसली, मग लाल विग, आणि ट्वाँऽऽग. सतरा नंबर नव्हता. माझा होता. जरा जाड केला होता, मागे घुमारा दिला होता, पण स्वतःचा आवाज माणूस ओळखतो. तो नट वळला, ट्वाँऽऽग. खुर्चीत बसला, ट्वाँऽऽग.
आईने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. माझी मालिका तिने कधी मध्येच बंद केली नव्हती.
धाकटीच्या हातात कप होता. तो तिने नीट खाली ठेवला. ती चिडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.
"दादा, अजून तस्साच जमतो तुला."
मी बोलत सुटलो. रेफरन्स होता, साउंडवाल्याची चूक, चॅनेल, मॅडम. कोणी अडवलं नाही. आईने चष्मा काढून धाकटीच्या हातात दिला. तिने पर्समधून कापड काढून काचा पुसल्या, इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने डाव्या काडीचा स्क्रू घट्ट केला आणि चष्मा परत आईच्या नाकावर बसवला. कानामागे बोट घालून बघितलं. आईने मान पुढे केली, सवय असावी तशी.
तेव्हा मी विचारलं, हे कधीपासून.
दोन वर्षं. आई एकटी दुकानात गेली होती, नंबर वाढलाय म्हणून. रांगेत बसली. आपली पाळी आल्यावर तिला म्हणाली, चुकले मी. तेव्हापासून दर गुरुवारी, दुकानाला सुट्टी असते तेव्हा, ती आईकडे येते. डबा वरच्या फळीवर तिनेच ठेवला. माझ्या बायकोला माहीत आहे. शेजारणीला माहीत आहे. दूधवाल्यालाही.
म्हटलं, मला का नाही सांगितलं?
"तुला काही सांगितलं की त्याचा एपिसोड होतो," आई म्हणाली. "आम्हाला हे आमच्यापुरतंच हवं होतं."
दोन्ही रुमाल कोरडे परत आणले.

२४ मार्च, सकाळी ७
लाज वाटते. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय.
मला आठवतं. दुकानात तिने सांगितलं तेव्हाही आठवत होतं. ती दहा वर्षांची, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून न्हाणीतून बाहेर आली, बायका गुंडाळतात तसा. मी आवाज काढला आणि बाबा हसले. बाबा माझ्या कशालाच हसायचे नाहीत. म्हणून मग रोज काढला.
संकल्प : आवाज काढून टाकायला लावणं. नाहीतर राजीनामा. मसुदा तयार आहे. तिसरा परिच्छेद फार जमून आलाय.

२६ मार्च, गुरुवार, दुपारी ४
आईकडे गेलो. जिन्यावरच दोघींचं हसणं ऐकू आलं. कशाला हसत होत्या कळलं नाही. बेल वाजवली नाही. थोडा वेळ पायरीवर बसलो. मी आत गेलो असतो तर हसणं थांबलं असतं, एवढं मलाही कळतं.

२९ मार्च, रविवार
धाकटीला फोन केला. पहिल्यांदाच. तिने उचलला. मी म्हटलं, हल्ली चालायला जातो. ती म्हणाली, छान. बाकीचं पुढच्या रविवारी बोलेन.

३१ मार्च, दुपारी १२
राजीनामा खिशात घालून मॅडमकडे गेलो. त्यांनी मिठीच मारली. रेटिंग दुप्पट. मुलं रस्त्यात तो आवाज काढतायत म्हणे. आता विग ओढायचा नाही, चोर-बीर रद्द, ट्रॅक सहा महिने चालणार. बघा, शेवटी ती खरी ट्रान्स बाईच ठरली! तत्त्व म्हणून आपलाच विजय.
फक्त आवाज तीन प्रकारचा हवाय. छोटा, लांब, आणि आईच्या भेटीच्या सीनसाठी एक दुःखी. शुक्रवारी रेकॉर्डिंग. विचार करून सांगतो म्हटलं. दुसऱ्या कोणी काढला तर टिंगल करेल. मी निदान जाणीव ठेवून काढेन.
राजीनामा खिशातच राहिला. शर्ट धुवायला टाकलाय.

२ एप्रिल, गुरुवार, सकाळी ११
बाथरूममध्ये कडी लावून प्रॅक्टिस. छोटा जमला. लांबही जमला.
दुःखी जमत नाहीये. वीसेक वेळा काढून बघितला. सावकाश, खालच्या पट्टीत, डोळे मिटून. दर वेळी तोच निघतो, बाबा हसायचे तो.