देवासची दोन नाणी

उमेळे, वसई
४ डिसेंबर २०२४

चि. प्रल्हाद यास ताईचा आशीर्वाद.

मी ठीक आहे. तुझा खोकला अजून आहे, दाराआडून ऐकू येतो. बाबांची वाडी बिल्डरला दिली, वाटणीत शब्दाला शब्द वाढला, आणि आता त्याच्याच इमारतीत समोरासमोरच्या दारांत राहून आपण बोलत नाही. म्हणून हे पत्र दाराखालून सरकवते आहे.

काल दारावर आलेल्या मासळीवाल्या रोझलीनने पाटीतून तुझी पिशवी काढली. "ताय, भावान दिलंय. जड हाय गो, पन पापलेट नाय ह्यात." आत बाबांची संस्थानी तांब्याची नाणी, तुझ्या वाट्याची सगळी. बडोद्याचा तलवारीचा पैसा, इंदूरचा बैल, देवासची धाकटी पाती.

प्रल्हाद, तू ती चिंच-मिठाने घासलीस? तांब्यावर चढलेला रंग हेच त्याचं वय, हे बाबांनी आपल्याला किती वेळा सांगितलं! शंभराहून जास्त वर्षं तू एका दुपारी मोरीत सोडलीस. मूर्खपणालाही सीमा असते.

मग तळाशी गुळाचा खडा सापडला आणि उलगडा झाला. आईची शिस्त. दुसऱ्याचं भांडं घासून परत करायचं, रिकामं पाठवायचं नाही.

मी दुसरी कधी झाले?

देवास गाव एक, पण दोन भावांनी थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन राज्यं केली, नाणीही वेगळी पाडली. बाबा दोन्ही एकाच पाकिटात ठेवत. थोरल्या पातीचं मी घेतलं, का तर मी थोरली. आता दोन्ही माझ्याकडे आहेत, एक काळं, एक चकचकीत. कपाटात ठेवते, पुन्हा काढते. हातातलं काम पुरं होत नाही.

तू घर विकतोयस, हे मला एजंटकडून कळावं? परवा त्याने एक जोडपं आणलं. बाईंनी विचारलं, "काकू, शेजार कसा आहे?"

"शेजारीण भांडखोर आहे."

"कुठे राहते?"

"तुमच्यासमोर उभी आहे."

दोघं लिफ्टकडे गेली. मला पश्चात्ताप नाही. पुढच्यांनाही हेच सांगेन, त्यात खोटं काही नाही.

मुलाकडे पुण्याला जायचंच असेल तर बेल वाजव आणि तोंडाने सांग. 'जाऊ नकोस' हे मी तेव्हाच म्हणेन. पत्रात लिहिणार नाही.

उद्या दिवसभर घरीच आहे.

ताई