आपट्याच्या चौऱ्याऐंशी रेकॉर्डी

६ जानेवारी १९५७, रविवार

पुन्हा घोटाळा! आणि तोही ऐन तानेत! गाणारी बाई वरच्या सुरावर पोचली आणि तिथूनच तिचा आवाज खाली खाली घसरत अगदी म्हशीसारखा झाला. ओटीवर जमलेले सगळे हसले. आमची ही स्वयंपाकघरात हसली, तेही ऐकू आलं. मी चावी फिरवायला धावलो तर चावी नुसतीच गरगर फिरतेय — ग्रामोफोनची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, तुटली!

नझीर मात्र हसला नाही. बाजारात घड्याळं दुरुस्त करतो तो. यंत्राचे हाल त्याला बघवत नाहीत. म्हणाला, "तुळशीराम, तुझ्याकडे त्रेसष्ट रेकॉर्डी, आणि ऐकायला हा खटारा! खुदा कसम, बिर्याणी शिजवायची आणि फुटक्या बशीत वाढायची!"

डब्यात एकशे चाळीस रुपये साठलेत. दवाखान्यात बाटल्यांना कागदी पट्ट्या चिकटवून आणि पुड्या बांधून दोन वर्षांत एवढे जमले. आता करायचं काय?

७ जानेवारी

नवं मशीन घ्यायचं. ठरलं!

९ जानेवारी

नवं मशीन कशाला? रेकॉर्डी त्रेसष्टच. त्यातल्या अकरा झिजलेल्या, दोन भेगाळलेल्या. राजवाड्यासारखं मशीन आणून त्यावर रोज तेच ते ऐकायचं?

१३ जानेवारी, रविवार

नझीरच्या दुकानात तासभर भांडलो. त्याने मुंबईत एक मशीन हेरून ठेवलंय — दोन कमानींचं, सुई बसते तो आवाजाचा डबाही नवा. एकशे पस्तीस रुपये.

मी म्हटलं, "मग रेकॉर्डींना पाच रुपये उरले."

"चांगल्या मशीनवर जुनी रेकॉर्डसुद्धा नवी वाटते!"

"आणि नवी रेकॉर्ड कुठल्याही मशीनवर नवीच असते!"

डोळ्याला भिंग तसंच लावून तो माझ्याकडे बघत राहिला. त्या भिंगातून मी त्याला केवढा गाढव दिसलो असेन कोण जाणे! मग आम्ही दोघंही हसलो. त्याने चहा मागवला. निकाल काहीच नाही.

घरी येऊन हिला विचारलं. म्हणाली, "मला काय इचारता? त्यातलं मला काय समजतंय? तुमची हौस, तुमी ठरवा." आणि तांदूळ पाखडायला बसली.

१६ जानेवारी

आज दवाखान्यात आपटा गावचा बळीराम गाडीवान आला होता. पायाला खिळा लागलेला. पट्टी बांधताना त्याला बोलतं ठेवावं म्हणून गाण्याचा विषय काढला, तर म्हणतो काय — "आमच्या वखारवाल्या कृष्णाबाई रेकॉर्डी इकायच्या म्हनतात. मालक गेल्यापासून पेटीत पडून हायत. ऐंशीच्या वर हायत."

ऐंशीच्या वर! माझ्या हातातली पट्टी सुटली. बळीराम ओरडला. डॉक्टर आतून म्हणाले, "काय झालं?" काय सांगणार?

२० जानेवारी, रविवार

आपट्याला जाऊन आलो. एस.टी.ने फाट्यापर्यंत, पुढे पायी. पाताळगंगेचं पाणी इतकं निवळ होतं की खालचे गोटे दिसत होते. पण मला कुठला धीर!

कृष्णाबाई साठीच्या. उंच, ताठ. नवऱ्याची लाकडाची वखार होती. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचं मशीन त्याआधीच मोडलं होतं. मुलगी, सोनाबाई, लग्न होऊन दूर गेलेली. बाईंनी पेटी उघडली आणि — चौऱ्याऐंशी! एकेक खोळीत जपून ठेवलेली. नाटकातली पदं, भजनं, लावण्या, सनई, एक तर नुसत्या पखवाजाची! भाव विचारला. म्हणाल्या, "सगळ्यांचे मिळून सव्वाशे."

सव्वाशे! मी खिशात हात घातलाच. तर त्या म्हणाल्या, "थांबा भाऊ. एक अट आहे. आधी मला त्या सगळ्या एकदा ऐकवा. मग न्या."

"ऐकलेल्या असतीलच की तुम्ही."

"बावीस वर्षं ऐकल्या. पण भिंतीपलीकडून. हे बाहेर मित्रांना घेऊन बसायचे, मी चुलीपाशी. रेकॉर्ड रंगात आली की चहाची हाक यायची. समोर बसून एकही ऐकली नाही. वाचता येत नाही, त्यामुळे कुठली कुठे आहे तेही ठाऊक नाही."

मी पुढच्या रविवारचं कबूल करून आलो. कबूल केलं खरं — पण आमच्या मशीनची कमान तुटलेली आहे, हे फाट्यावर पोचल्यावर आठवलं!

२४ जानेवारी

नझीर आधी माझ्या अंगावर ओरडला. मग बाईंचं बोलणं ऐकलं आणि लगेच उठला. मशीन उचलून दुकानात घेऊन गेला.

२६ जानेवारी

सुट्टी. दिवसभर नझीरच्या दुकानात. त्याने कुठून तरी नवी कमान मिळवली. दाते घासले, तेल घातलं, आवाजाच्या डब्यातली रबरं बदलली. सुई टेकवली आणि आवाज इतका गोड लागला की रस्त्यावरची माणसं थबकली! समोरून निवडणुकीच्या कर्ण्याची लॉरी चालली होती, तीसुद्धा क्षणभर बंद झाल्यासारखी वाटली.

मी म्हटलं, "हा खटारा ना?"

तो रागावून म्हणाला, "खटारा कोणाला म्हणतोस? काय आवाज आहे बघ!"

२७ जानेवारी, रविवार

काय दिवस! हात दुखतायत तरी लिहितोच.

मी आणि नझीर मशीन घेऊन पहाटेच निघालो. फाट्यावर बळीराम गाडी घेऊन हजर होता. मशीनखाली गवताच्या दोन पेंढ्या, वर माझी शाल. खड्डा आला की नझीर मशीनला मिठी मारायचा.

कृष्णाबाईंनी ओटीवर चटई टाकली होती. स्वतः पाटावर बसल्या, अगदी मधोमध, मशीनपासून हातभर अंतरावर. ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. म्हणाल्या, "आज चूल पेटवायची नाही. शेजारून जेवण येणार आहे."

पहिली लावली. बाई डोळे मिटून बसल्या. अर्धी झाली तशा एकदम ताठ झाल्या — "ही! ही भाकऱ्या थापताना असायची! इथवरच ऐकलीय मी. पुढची कधी ऐकलीच नाही." उरलेलं गाणं त्यांनी तोंडावर हात ठेवून ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, "शेवट किती छान आहे हो!"

मी दोन ढीग करायचं ठरवलं होतं. ऐकून झालेल्या, न्यायच्या त्या माझ्या डाव्या हाताला. ही पहिली ठेवली, तर बाईंनी उचलून आपल्या मांडीवर घेतली. "ही नको. ही राहू दे."

दुसरी. "ही सोनाबाई पोटात होती तेव्हाची. ही राहू दे."

तिसरी ऐकून हसूच लागल्या. "या रेकॉर्डवरून आमचं भांडण झालं होतं! दूध उतू गेलं होतं हिच्यापायी. ही तर मुळीच देणार नाही."

दुपारपर्यंत गाव जमलं. बायका पुढे, पुरुष अंगणात. एक म्हातारी पखवाजाच्या रेकॉर्डीला उठून टाळ्या वाजवू लागली. नझीर दर रेकॉर्डीला सुई बदलत होता, घामाने निथळत होता. कुणी "जरा आराम करा" म्हणालं तर "बाजूला, बाजूला!" चावी देऊन देऊन माझा खांदा भरून आला. बाईंच्या मांडीवर मावेनात म्हणून त्यांनी पाटाशेजारी ढीग लावला. तो वाढत गेला. माझा ढीग? चार. त्यातल्या दोन एकाच गाण्याच्या!

दिवस कलला तेव्हा सत्तावन्न झाल्या होत्या. सत्तावीस बाकी. शेवटची एस.टी. चुकली असती. बाई म्हणाल्या, "मशीन ठेवून जा. आठ दिवसांनी न्या." चावी द्यायला, सुई टेकवायला नझीरने त्यांना शिकवलं. पहिल्या खेपेला सुई घसरली. दुसऱ्या खेपेला बरोबर बसली. आणि त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते — लिहिता येत नाही मला.

एस.टी.त नझीर एकदम हसत सुटला. "रेकॉर्डी घ्यायला गेला होतास ना रे? आणि मशीन देऊन आलास!"

२८ जानेवारी

खांदा हलत नाही. डॉक्टरांनी माझंच मलम मला लावायला दिलं.

३ फेब्रुवारी, रविवार

मशीन आणायला गेलो. लांबूनच आवाज ऐकू आला. ओटीवर पाचसहा बायका, मधे कृष्णाबाई, हाताशी सुयांची डबी. मला पाहून उठल्या नाहीत. बोटाने 'थांबा' म्हणाल्या. गाणं संपेस्तोवर मी अंगणात उभा!

मग म्हणाल्या, "भाऊ, मी लबाडी केली. रेकॉर्डी तुम्हाला देते म्हटलं, आता देववत नाहीत." आणि पदराची गाठ सोडून, "हे मशीन मला विकत द्या."

नाही म्हणायचं होतं. खरंच होतं! अकरा वर्षं ते माझ्या घरात होतं. पण त्यांनी बोलता बोलता, न बघता, रेकॉर्ड उलटी करून लावली — आमच्यासारख्या मुरलेल्या माणसासारखी. मी म्हटलं, "घ्या." माझ्या त्या चार रेकॉर्डी त्यांनी तशाच दिल्या. पैसे घेईनात.

४ फेब्रुवारी

मजाच आहे! डब्यात आता मशीनचेही पैसे आहेत आणि रेकॉर्डींचेही. सदुसष्ट रेकॉर्डी आहेत. वाजवायला काही नाही!

नझीर म्हणतो, निवडणूक आटोपली की मुंबईला जाऊन ते दोन कमानींचं आणू. मशीन होऊन वर वीसेक रेकॉर्डी येतील. भांडणच मिटलं! मला रात्रीची झोप नाही लागली आनंदाने.

६ फेब्रुवारी

घर फार शांत वाटतं.

१० फेब्रुवारी, रविवार

बाजारातून लवकर परतलो. आत कुणीतरी गात होतं. वाटलं, शेजारी रेडिओ लागलाय. पण आवाज आमच्याच स्वयंपाकघरातून. ही पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती आणि गात होती — तिच्या माहेरचं, ओव्याकडचं लग्नातलं गाणं, असा मोकळा, भरलेला आवाज! मी दारातच उभा राहिलो.

"कवा आलात?" दचकून म्हणाली.

"तू गातेस? कधीपासून?"

"रोजच की, तुमी नसता तवा. तुमी असलात की मशीन असतंय. त्याच्यात कोन गानार?"

अकरा वर्षं! हिचं नाव चंद्रावती. या वहीत आज पहिल्यांदा लिहितोय. चटई टाकली, समोर बसलो. तीन गाणी झाली, चौथं चाललंय. नझीरला निरोप धाडला — मुंबईची घाई नको.