उरलेली खिडकी

११ जून, मंगळवार

प्रिय ठमे,

सकाळी पाण्याची टाकी भरून घेतली. वीज कार्यालयात जाऊन मीटरवरचं नाव बदलायचा अर्ज दिला. अकरा वाजता मागच्या खोलीचं कुलूप काढलं आणि एक वाजेपर्यंत बाबांच्या करवतीच्या मशीनवर बसले. मग जेवले. आता तुला लिहिते आहे.

तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. बाबांच्या तेराव्याला सगळे गेल्यावर तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, “हात थरथरणाऱ्या माणसाला तू चालू करवतीपुढे बसू दिलंस. तू होतीस कुठे, आई?” मी कप विसळत राहिले. त्याला पाच महिने झाले. उत्तर तोंडाशी यायचं आणि मी गिळायचे, कारण बाबांना शब्द दिला होता. आज तो मोडते आहे.

तुझे बाबा शेवटची दोन वर्षं मशीनवर बसतच नव्हते. त्यांच्या हातात कपबशी वाजते हे तू पाहिलंस, तेव्हा ते म्हणाले, “मशीनवर बसलं की थांबतो हात.” ते तुला खरं वाटलं. थांबत नव्हता. लाकडी घड्याळाच्या नक्षीचा कागद ते कसाबसा प्लायवर चिकटवायचे, भोक कुठे पाडायचं ते दाखवायचे. भोकातून ते बारीक पातं ओवून कापायचे मी. ते शेजारच्या स्टुलावरून सांगायचे, “भाजी नाही चिरायची, ढकलू नकोस.” मी एकदा म्हणाले, “मग तुम्हीच चिरा की.” त्या दिवशी ते परत स्टुलावर बसले नाहीत. पहिल्या चार घड्याळांची फळकुटं झाली. पाचवं घड्याळवाल्याच्या दुकानात लागलं, तेव्हा तो म्हणाला, “काका, वयाबरोबर हात बसत चाललाय तुमचा.” बाबा हसले आणि दोन्ही हात खिशात घातले. घरी येताना मला म्हणाले, “पोरीला कळता कामा नये. तिच्या लेखी तरी माझे हात शाबूत असू देत.”

पटत नसेल तर तुझ्या बैठकीतलं वेलीचं घड्याळ उतरवून बघ. नक्षीतल्या पोकळ जागेला बाबा खिडकी म्हणायचे. खिडकीच्या कोपऱ्यात वळताना पातं केसभर पुढे जातंच, बारीक चीर पडते. बाबा खिडकी उजवीकडून फिरवत कापायचे. मी डावखुरी, माझं सगळं उलटं. तुझ्या शाळेच्या वेळच्या मोराच्या घड्याळात त्या चिरा एका अंगाला आहेत, वेलीच्या घड्याळात दुसऱ्या. बाबांना ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. “चोर पकडला गेला तर याच खुणेवरून,” म्हणाले.

आता त्या दिवसाचं. तुझ्या नव्या घरासाठी घड्याळाचं काम चाललं होतं. एकच खिडकी उरली होती. मी म्हणाले, “हे देताना तिला खरं सांगा. तुमच्या हाताचं कौतुक ऐकत मान डोलवून डोलवून कंटाळले मी.” ते म्हणाले, “श्रेय हवंय म्हण ना.” दुसरं काहीही ऐकून घेतलं असतं. मी उठले. “करा मग तुमचं तुम्ही,” म्हणाले आणि दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर गेले. कपडे वाळले नव्हते, तरी काढले.

खालून मशीनचा आवाज आला. कोण बसलंय ते कळलं. खाली गेले नाही. लाकूड कापताना तो आवाज जड होतो. तसा जड होता, मग हलका झाला आणि हलकाच राहिला. वाटलं, दमले असतील. मी आणखी एका चादरीची घडी केली. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. खाली आले तेव्हा मशीन नुसतंच चालत होतं, आणि बाबा कडेच्या भिंतीला टेकलेले होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडायला मशीनचं निमित्त लागत नाही. असेल तसं. पण तू विचारलंस, मी कुठे होते. मी गच्चीवर होते, रुसून.

आज ती खिडकी पुरी केली. बाबांनी बोटभर कापली होती. रेघ वेडीवाकडी आहे. पॉलिशपेपरने सरळ झाली असती, पण हात लावला नाही. पातं तुटून सगळंच चिरलं जाईल या भीतीने दोनदा मशीन बंद करून तळवे पुसले. माझं उलटं कापणं आज कामी आलं. मी दुसऱ्या बाजूने येत येत त्यांच्या रेघेला मिळाले.

घड्याळ याच खोक्यात आहे. परत पाठवलंस तरी मी समजेन. लावलंस तर मात्र नुसतं बाबांचं म्हणून लावू नकोस, आणि मी तिथे नव्हते हे विसरूनही लावू नकोस. एवढ्यासाठी लिहिलं. पोस्ट चारला बंद होतं. त्याआधी मशीनखालचा भुसा झाडून घेते.

तुझीच,
आई