बस वळण्यापुरते अंगण

मी, खाली सही करणारा, डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला सीटा शिवणारा कारागीर, ज्याला गावात लहानथोर सगळे गादीवाले म्हणतात, वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे एक्क्याऐंशी आणि आईच्या सांगण्याप्रमाणे त्र्याऐंशी, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याने लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. झोपण्यापूर्वी मी दाराची कडी पुन्हापुन्हा बघतो, ते वेडात धरतात का, हेही त्यांना विचारून घेतले. त्या म्हणाल्या, धरत नाहीत. याआधी लिहिलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यातले एक कुठे ठेवले ते मला आठवत नाही, सापडल्यास फाडावे.

माझे शिक्षण चौथीपर्यंत. शब्द चुकला असेल तर अर्थ बघावा, आणि अर्थ चुकला असेल तर धाकटीला विचारावे.

मला दोन मुले. थोरला मुलगा दूरच्या शहरात नोकरीला आहे आणि विमानाने येतो-जातो. धाकटी मुलगी माझ्यापाशी राहते आणि विमानतळावर साफसफाई करणाऱ्या बायकांवर मुकादम आहे. दोघेही गुणी आहेत. हे आधीच लिहितो, कारण पुढे वाचताना थोरल्याला राग येईल.

पहिले. घर दोघांचे, निम्मे निम्मे. मात्र धाकटी आहे तोवर तिला कोणी ऊठ म्हणू नये. मोरीचा नळ जोर लावून बंद करावा लागतो, नाहीतर थेंब थेंब गळतो. हे थोरल्याला माहीत नाही.

दुसरे. बँकेत जे काही शिल्लक असेल ते सगळे थोरल्याचे. का, ते पाचव्या कलमात कळेल.

तिसरे. माझी हत्यारे, म्हणजे कात्र्या, लाकडी हातोडी, वाकड्या सुयांचा डबा आणि जाड कापडाचे पायमशीन, ही सर्व चौकातल्या शिंपीणताईला द्यावीत. तिने कधी मागितले नाही, पण येता-जाता ती मशीनकडे ज्या नजरेने बघते ती नजर मी ओळखतो. वाकडी सुई नव्या माणसाच्या बोटात शिरते, एवढे तिला सांगावे. एक कात्री शेजारच्या निवृत्त बस ड्रायव्हरला द्यायची मनात होती, पण वकीलसाहेब म्हणाले की साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून ड्रायव्हरला फक्त साक्ष दिली आहे.

या हत्यारांनी मी अख्खी नोकरी त्याच त्या बसा पुन्हापुन्हा शिवल्या. आमचे डेपो मॅनेजर दरवर्षी राजधानीकडे नव्या बसा मागत, आणि दरवर्षी उत्तरादाखल रेक्झिनचे गठ्ठे येत. हिरवे मागितले तर तपकिरी येत. इंजिन धापा टाकायचे, पायाखालचा पत्रा झिजून रस्ता दिसायचा, पण सीट मात्र अशी की पाहुण्यांनाच बसवावे. मी काथ्या इतका ठासून भरायचो की खड्ड्यात गाडी आदळली तरी म्हाताऱ्या माणसांची पेंग मोडत नसे. ड्रायव्हर मला म्हणायचा, "गादीवाले, तू आहेस म्हणून ह्या गाड्या मरत नाहीत, आणि मरत नाहीत म्हणून नव्या येत नाहीत." तो गमतीने म्हणायचा. मी घरी येऊन त्यावर विचार करीत बसायचो.

चौथे. लांब शिडी. ती माझ्या मेहुण्याने भिंत रंगवायला नेली होती. भिंतीचा रंग उडाला, पुन्हा दिला, पुन्हा उडाला. ती शिडी मी मेहुण्यालाच देत आहे, म्हणजे तिला निदान हक्काचा मालक मिळेल.

पाचवे, आणि मुख्य. घरापुढचे अंगण.

आमचे घर रस्त्याच्या टोकाला आहे, मागे सरळ उभा कातळ. गावात बस आली की तिला वळायला आमच्या अंगणाशिवाय जागा नव्हती. म्हणून वडिलांनी कुंपण घातले नाही आणि मीही घातले नाही. गाडी अंगणात शिरायची, मागे सरायची, आणि तिचे दार बरोबर पडवीच्या पायरीला लागायचे. थांब्याचा खांब अलीकडे कोपऱ्यावर होता, पण तिथे कोणी उभे राहत नसे. पडवीत बाके होती, आणि माझी पत्नी असेपर्यंत चहा होता. खांबापाशी उभे राहणे म्हणजे आमच्या घराशी बिनसले आहे, असा त्याचा अर्थ व्हायचा. मेहुणा काही दिवस तिथे उभा राहत असे.

मास्तर पडवीत बसून पेपर तपासायचे. बायका भाजी निवडत बसायच्या आणि गाडी आली की देठे तिथेच टाकून पळायच्या. त्या बाकांवर लग्ने जमली, एक मोडलेही. गाडी उशिरा आली तर कोणाची तक्रार नसायची. लवकर आली तर असायची, कारण गोष्ट अर्धी राहायची. आता त्या बाकांवर मी एकटा बसतो आणि जागा पुरत नाही असे उगाच वाटते.

मग एके दिवशी मोजणीवाला आला. गाडीला किती माणसे लागतात ते बघायला राजधानीतून त्याला पाठवले होते, पण हे त्याने कोणाला सांगितले नाही. खांबासमोर मोटार लावून मांडीवर कागद घेऊन तो उन्हात बसला. ते बघून पत्नीला कसेतरी झाले. तिने पडवीत गाडीची वाट बघत बसलेल्या मास्तरांच्या हाती त्याला चहा पाठवला. त्याने चहा घेतला, आभार मानले. गाडी वळली, पायरीशी भरली आणि त्याच्या समोरून गेली. पण त्याला खांबापाशी चढणारे मोजायला सांगितले होते, आणि खांबापाशी कोणी चढले नाही. एवढ्यावर आमची गाडी बंद झाली. मोजणी आहे हे कळते तर सगळे गाव खांबाला लगटून उभे राहिले असते. चहा नेणारे मास्तरसुद्धा त्या मोजणीत धरले गेले नाहीत, याचे मला हसू येते आणि मग येत नाही. पत्नी पुढे बरेच दिवस त्याच वेळेला आधण ठेवायची आणि मग आपणच गॅस बंद करायची. त्या मोजणीवाल्यावरचा राग मी वाटणीत घातलेला नाही. तो माझ्याबरोबर येईल.

तेव्हापासून धाकटी हमरस्त्यापर्यंत चालत जाते आणि तिथे कोणाच्या तरी गाडीला हात करते. ती परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

आता कराचे. विमानाच्या प्रत्येक तिकिटावर कर असतो. तो आजवर राजधानीत जमा होत आला, आणि तिथून आमच्याकडे काय परत येते ते मी रेक्झिनवरून सांगू शकतो. यंदा असे ठरले म्हणतात की हा कर इथेच, आपल्या प्रांताच्या हाती द्यायचा आणि त्यातून बंद पडलेल्या बसा सुरू करायच्या; जिथे गाडी वळायला जागा तयार आहे तिथे आधी. ही बातमी धाकटीने विमानात कोणी टाकून दिलेल्या पेपरातून आणली. मला आनंद झाला आणि लगेच काळजी लागली. आपले लोक तरी तो पैसा रस्त्यावर आणतील कशावरून? धाकटी म्हणाली, आपल्या लोकांना निदान घरी जाऊन धरता येते.

थोरला मागे आला तेव्हा त्याचे म्हणणे पडले की अंगणाला भिंत घालावी, फाटक करावे, आणि विमानाने जाणाऱ्यांना मोटारी ठेवायला जागा भाड्याने द्यावी. तो वाईट बोलला नाही. म्हणाला, "अण्णा, गाडी येणार, गाडी येणार म्हणत किती वर्षं अंगण झाडणार तुम्ही?" मी त्याला समजावले की बाबा रे, तू विमानात बसतोस तेव्हा आमच्या बसचे तिकीटही तूच काढतोस. तो हसून म्हणाला, मग माझ्या पैशाची बस मला विचारून तरी येऊ दे. आम्ही दोघे हसलो. धाकटी भांडी विसळत होती. ती मागे वळून न बघता म्हणाली, "दादा, तू वर्षातून एकदा येतोस. मी रोज येते."

 

वकीलसाहेबांचा सल्ला असा की अंगण दोघांच्या नावे करावे आणि भिंत न घालण्याची अट टाकावी. मी त्यावर पुष्कळ डोके शिणवले. अट म्हणजे कच्चा टाका, ओढला की उसवतो, आणि ओढणारी भावंडेच असतात. म्हणून अंगण, पडवीच्या पायरीपासून रस्त्याच्या कडेपर्यंत, एकट्या धाकटीला देत आहे. त्याची भरपाई म्हणून बँकेतले सगळे थोरल्याला. थोरल्या, मन मोठे कर. तुझ्यावर अविश्वास नाही, पण ज्याला चालत यावे लागते त्याच्या हाती अंगण असावे.

कर आलाच नाही, बसही आली नाही, तर धाकटीने त्या जागेचे काय करायचे ते करावे. मी तिला कशाने बांधत नाही. गाड्या उशिरा येतात, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

सहावे. माझ्यामागे जे करायचे ते थोडक्यात करावे. भाषणे नकोत, मेहुण्याचे तर नकोच. मला अंगणात ठेवलेले असेल आणि तोवर बस सुरू झालेली असून ती त्याच वेळी आली, तर तिला कोपऱ्यावर अडवू नये. मला उचलून पडवीत घ्यावे आणि गाडी वळू द्यावी. ड्रायव्हर नवा असेल, गर्दी बघून संकोचेल. त्याला हात दाखवून मागे घ्यायला सांगावे. माणसे नीट चढू द्यावीत. ज्यांना कामावर जायचे आहे त्यांचा खोळंबा नको. मी थांबेन.

सही: (गादीवाले यांची सही, शेवटचे अक्षर रेषेखाली गेले आहे, ते त्यांचेच आहे)

वरील सही आम्हा दोघांच्या समक्ष केली, आणि आम्ही त्यांच्या समक्ष केल्या:

१. निवृत्त बस ड्रायव्हर, शेजारी. नजर अधू असल्याने सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. "बरोबर आहे" म्हणाले.

२. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. हमरस्त्यापासून चालत आल्या.

ठिकाण: राहत्या घराची पडवी
तारीख: नऊ मार्च, सोमवार