भुईचाफ्याची पानं

अब्बा, आज शाळेत मुलांना बेडूक आणि भुईचाफा यांच्यातलं साम्य आणि फरक विचारला. म्हसळ्याची मुलं, दोन्ही त्यांच्या परड्यातले, तेव्हा शिकवण्यासारखं फारसं नव्हतंच. कोरड्या दिवसांत दोघंही मातीखाली दडून बसतात, वरून जमीन रिकामीच वाटते. बेडूक पाणी मुरल्याशिवाय बाहेर येत नाही. भुईचाफा मात्र ढेकळं तापलेली असताना, अंगावर एक पान नसताना फुलतो. कंदात साठवलेल्यावर त्याचं भागतं. पानं मागाहून येतात, पावसात, फूल सरल्यावर. फळ्यावर हे लिहिताना तुम्ही आठवलात.

तुम्ही कुवेतहून यायचात ते मे महिन्यात. सुट्टी तेव्हाच मिळायची, आणि आंबेही तेव्हाच. सकाळी चहाचा कप घेऊन विहिरीजवळ त्या जांभळट पांढऱ्या फुलांपाशी उकिडवे बसायचात आणि आम्हाला सांगायचात की या झाडाला पानंच नसतात. अम्मी ऐकून घ्यायची. चार दिवसांच्या पाहुण्याचं म्हणणं कोण खोडून काढणार?

मग नोकरी संपवून कायमचे आलात. जुलैची सकाळ आहे. लुंगी खोचून तुम्ही विहिरीजवळचं रान काढताय, रुंद पानं कंदासकट उपटून कुंपणापलीकडे फेकताय. एका ढेकळाबरोबर पिवळा बेडूक उसळला आणि तुम्ही दचकून मागे सरलात. मला हसू आवरेना. अम्मी दारात आली, तिने कुंपणापलीकडे पाहिलं आणि तो भुईचाफा आहे म्हणाली. त्याला पानं नसतात, असं तुम्ही ठासून सांगितलंत.

“पानं कशी न्हायत?” ती म्हणाली. “तुमी पावसात हितं व्हता कवा?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच तुम्हाला ते लागलं असावं. भिजत कुंपणापलीकडे गेलात, कंद वेचून आणलेत आणि परत लावलेत. काही उलटे लावले होतेत. तुम्ही आत गेल्यावर अम्मीने ते गुपचूप सरळ केले.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. घरातला तुमचा तो एकच पावसाळा. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. भुईचाफा अजून येतो, पूर्वीपेक्षा विरळ. मे महिन्यात तुमची इतकी आठवण येते की विहिरीकडे जायला नको वाटतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. पाऊस लागला की तुमची आठवण येत नाही, अब्बा. पावसात तुम्ही घरी नसण्याची मला लहानपणापासून सवय आहे.